नाक्याअलीकडचे नाना

आमच्या नानांना मोकळं सुटलेलं काही म्हणता काही बघवत नसे. दावं सोडवून हुंदडणारं वासरू, कडी न घातलेलं दार, पंगतीत मध्येच उठून आपल्या हातानं वरण वाढून घेणारा पाहुणा, असं काही दिसलं की ते जागचे उठलेच. नाना म्हणजे माझे सासरे; मी त्यांना मामाजी म्हणायची. लग्न होऊन मी सुलतानपूरला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून घरातल्या आंघोळीचे नंबर सांगितले. कोणाच्या मागून कोण न्हाणीत जाणार, चुलाण्यात लाकूड कोण सारणार, पाहुणा आला तर कोणाची आंघोळ पुढे ढकलायची, सगळं पक्कं. "पोरी, जे ते वरतून ठरलं पाह्यजे," ते म्हणाले, "मंग खाली भांडण राह्यत नाही." मी मलकापूरची. माझ्या वडिलांचं स्टेशनाजवळ कापडाचं दुकान. गिऱ्हाईक यायचं, घासाघीस करायचं, रुसून पायरी उतरायचं, पुन्हा चढायचं आणि जाताना कापड घेऊनच जायचं. त्या गलक्यात वाढलेली मी मनात म्हटलं, अगं बाई, हे सासर आहे की तहसील!

नाना गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. साखर, रॉकेल, खत, बियाणं, जे काही वरून यायचं ते सोसायटीत उतरायचं आणि नानांच्या डोळ्यांदेखत वाटलं जायचं. माप शिगोशीग, आणि पाटलाचं पोर असो की महारवाड्यातली म्हातारी असो, रांग सोडायची नाही. स्वतःच्या घराचा नंबर मात्र ते सगळ्यात शेवटी लावत. एका दिवाळीला साखर आमच्या नंबरापर्यंत आलीच नाही. चेअरमनच्या घरच्या करंज्या गुळाच्या झाल्या. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी त्या करंज्या नानांना अशा वाढल्या की ताटाचा आवाज चावडीपर्यंत गेला असेल. नाना मात्र एकेक करंजी चवीनं खात म्हणाले, "गूळ तब्येतीले चांगला." या माणसावर रागवायचं तरी कसं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळेनासं झालं.

दुपारच्या एसटीनं पेपर यायचा. नाना तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. कुठे धरण, कुठे कारखाना, कुठे नवी योजना, सगळं घरच्याच कौतुकानं सांगत. 'योजना' हा शब्द उच्चारताना ते थोडे ताठ बसत. त्यांचं म्हणणं सोपं होतं. "देश म्हंजे मोठं खटलं हाय, पन्नास माणसायचं एकत्र घर. खटल्यात एकानं वाढावं अन् बाकीच्यायनं जेवावं. सगळ्यायनं एकदम हात घातला तं वरणाचा गंज उलटते, अन् मंग उपाशी कोण राह्यते? ज्याचा हात आखूड त्यो."

हे ऐकायला समोर करीमभाई असले की मग रंग चढे. करीमभाई धान्याचे व्यापारी, नानांचे शाळेपासूनचे दोस्त. बाजाराच्या दिवशी दुकान पोराच्या हवाली करून ते आमच्या ओट्यावर येत, खांद्यावरचा दुपट्टा झटकून बसत आणि पाणी प्यायच्या आधीच भांडण उकरत. "अन् वाढणाराच डुलकी खाऊन राह्यला तं, नाना? गंज तं नाही उलटत, पण ताटं कोरडीच राह्यतेत ना बे!"

आत चुलीपाशी बसून मी दोघांचं ऐकायची. माझी एक खोड होती. ज्याचं म्हणणं मला पटे त्याच्या चहात मी दूध जास्त घालायची. नानांच्या हे ध्यानात आलं होतं. कप हातात आला की ते आधी करीमभाईंच्या कपात डोकावून बघत, आणि त्यांचा चहा पांढुरका दिसला की मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "मलकापूरची पोरगी, व्यापाऱ्याचीच बाजू घेईन." करीमभाई हसून कप उंचावत.

पण एका बाजारी त्यांचं भांडण ऐकून मला दूध कोणाच्या कपात घालावं ते कळेना. त्या वर्षी सरकारनं ज्वारीवर जिल्हाबंदी घातली होती. आपल्या जिल्ह्यातला दाणा पलीकडच्या जिल्ह्यात न्यायचा नाही. मराठवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवा बांबू बांधून नाका बसला, त्यावर एक हवालदार आला, आणि करीमभाईंच्या गाड्या अलीकडेच थांबल्या. करीमभाई तावातावानं म्हणाले, "नाना, भाव म्हंजे का असते? सांगावा असते सांगावा! तिकडं जवारी महाग झाली म्हंजे तिकडच्या लोकायनं सांगावा धाडला का आमच्याकडं दाणा नाही, धाडा. अन् तुमच्या सरकारनं सांगावा आणणाऱ्यालेच नाक्यावर उभं केलं." नानांनी पेपरची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले, "करीम, सांगावा धाडाले बी खिशात पैशे लागतेत. ज्याच्याजवळ दमडी नाही, त्याचा सांगावा तुह्यापर्यंत कोण आणते? नाका नसता तं आपल्या गावची जवारी कवाच मुंबईले गेली असती, अन् इथचा मजूर काय खाता, माती?" मी दोन्ही कपांत सारखं दूध घातलं आणि गुपचूप बाहेर ठेवलं.

आता हे सगळं ओट्यावरचं भांडण झालं. ते आमच्या उंबऱ्याच्या आत आलं ते शांताबाईमुळे. शांताबाई माझी नणंद, नानांची एकुलती एक लेक. तिला पलीकडच्या मराठवाड्यात दिलेली. तेव्हा सोयरिकी काही जिल्ह्याची हद्द पाहून होत नसत. इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे, सणासुदीला बैलगाड्या भरभरून जात-येत. आता मधे नाका. त्या साली तिकडे पाऊस अगदीच दडी मारून बसला होता. आमच्याकडे निदान कोरड्यात का होईना चार दाणे पिकले होते, आणि पिकातला सरकारी वाटा, म्हणजे लेव्ही, गावात सगळ्यांत आधी भरूनही नानांनी उरलेली ज्वारी जमिनीतल्या पेवात घालून वर माती लिंपून ठेवली होती. भाव चढला तेव्हा लोकांनी विकली. नाना म्हणाले, "पेव उन्हाळ्यासाठी हाय, बाजारासाठी नाही."

एक दिवस गावोगाव फिरणारी कासारीण आली. माझ्या हातात बांगड्या भरता भरता तिनं खाली मान घालून सांगितलं, "तुमच्या शांताच्या घरी एकच टाईम चूल पेटते बाई. अन् तिले दिवस गेलेले. तिचा हात हातात घेतला तं बांगडी कोपरापर्यंत वर गेली." आत्याबाई जात्यावरून उठल्या त्या थेट ओट्यावर. बाहेर कोण बसलंय ते न बघता त्यांनी नानांना सांगितलं, "पेव खोला. उद्याच्या उद्या गाडी गेली पाह्यजे."

नाना उठले, पण पेवाकडे नाही. तहसिलीत गेले, परवान्याचा अर्ज करून आले. "येईन परवाना," म्हणाले. परवाना येईना. मग करीमभाई आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "नाना, माहा गाडीवान नाल्याकाठची वाट जाणते. नाका लागतच नाही." नानांचा चेहरा पडला. त्यांना मोह झाला नसेल असं मी म्हणणार नाही. शेवटी म्हणाले, "चेअरमन हाव मी. गरिबाच्या दोन पायल्या नाक्यावर अडल्या तवा मीच त्याले नियम सांगतला. आता माही लेक हाय म्हून मी चोरवाट धरू?" करीमभाईंनी कपाळावर हात मारला. आत्याबाईंनी त्या दिवसापासून नानांशी बोलणं टाकलं. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. नाना पुढ्यात बसलेले असले तरी, "सूनबाई, त्याइले सांग, भाकर झाली." आणि नाना, "सूनबाई, तिले सांग, भूक नाही." मी मधल्या मधे पोस्टमन.

आणि मग नानांना एक युक्ती सुचली. बंदी धान्यावर होती, शिजवलेल्या अन्नावर नव्हती! त्यांनी तो हुकूम दोनदा वाचला आणि पोराच्या उत्साहानं आत येऊन सांगितलं, "भाकरी कर पोरी, जितक्या होतीन तितक्या." आत्याबाई आणि मी सकाळपासून भाकरी थापत बसलो. हात भरून आले. मोठी दुरडी भरली, सोबत गंजभर पिठलं, वर फडकं बांधलं, आणि नाना एसटीनं निघाले. नाक्यावर हवालदारानं सोडलं तरी नानांनीच त्याला थांबवलं, म्हणाले, "नीट पाह्य, एकही दाणा कच्चा नाही." हवालदार बिचारा भाकरी मोजायला लागला आणि एसटीतली माणसं कंडक्टरवर ओरडायला लागली.

संध्याकाळी नाना परत आले ते दुरडीसकट. भाकरी तशाच. ओट्यावर बसले, टोपी काढली. खूप विचारल्यावर सांगितलं. दारात दुरडी ठेवून फडकं सोडलं तर व्याहीबुवांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते म्हणाले, "आमच्या घरी कोण मेलंय, नाना?"

मी तोंडावर हात ठेवला. आत्याबाई जागीच बसल्या. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरेधायरे काय पाठवतात? पिठलं आणि भाकरी! दिवसभर आम्ही दोघी बायका थापत बसलो, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही. जित्याजागत्या घरात, लेक पोटुशी असताना, आम्ही मयताचं जेवण पाठवलं होतं. व्याहीबुवांनी नानांना निरोप दिला होता तोही सांगते. म्हणाले, "आमची चूल अजून विझली न्हाई. सातव्या महिन्यात पोरीला धाडणार व्हतो, तेबी आता न्हाई. बाळंतपण हितंच होईल." आणि शांताबाईनं आतून सांगितलं होतं की सासू-सासरे अर्ध्या भाकरीवर असताना मी एकटी माहेरी येऊन खाणारही नाही. आता झालं का! आधी नुसता नाका होता, आता नाक्यापलीकडचं दारही लागलं.

त्या आठवड्यात नानांनी पेपर उघडला नाही. करीमभाई आले तर त्यांच्याशी भांडले नाहीत. करीमभाईंना ते सहन होईना. "बोला ना बे काही! निदान मले नफेखोर तरी म्हणा!" नाना म्हणाले, "करीम, जवारीले बंदी हाय. माणसाले तं नाही. दाणा तिकडं जात नसन तं खाणारे इकडं आणू. सगळं घर." करीमभाई म्हणाले, "व्याही मोठा मानी माणूस. लेकीच्या बापाच्या दारी येऊन फुकट खाईन? जीव देईन." मग स्वतःच थोडा विचार करून त्यांनी मांडी ठोकली. "फुकट नाही खाणार. कमाईचं खाईन ना? तुमची विहीर आटली का नाही? अन् विहिरीचा पाझर ओळखाले तुमच्या व्याह्यावाणी माणूस दोन जिल्ह्यांत हाय का? मजुरीनं बोलवा. पण एक आयका. ते मजुरी सांगतीन, अन् तुमी लगेच हो म्हणसान, तं त्याइले कळन का हे दान हाय. तुमाले घासाघीस करा लागन. चांगली तोंडाले फेस येईपर्यंत."

नानांनी जन्मात घासाघीस केली नव्हती. भाजीवाली जो भाव सांगे तो देत, किंवा न घेता पुढे जात. करीमभाईंनी त्यांना ओट्यावर बसवून शिकवलं, तेही बैलबाजाराच्या पद्धतीनं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबून सौदा करायचा. किती मागितलं, किती दिलं, ते बघणाऱ्या चार लोकांना कळत नाही. नाना कुरकुरले, "भाव लपवून कायले ठेवा? फळ्यावर लिहून टाका." करीमभाई म्हणाले, "फळ्यावर लिहिला तं व्याहीबुवाच्या गावाले ते भीक दिसन. दुपट्ट्याखाली राह्यला तं मजुरी."

नाना आणि करीमभाई व्याह्यांकडे निघाले, तेव्हा शांताबाईला बघायचं म्हणून मीही त्यांच्यासोबत गेले. व्याहीबुवांनी 'या, बसा' म्हटलं नाही, पण पाणी पाठवलं. आत शांताबाई माझ्या गळ्यात पडली. कासारणीनं खोटं सांगितलं नव्हतं. मी तिला धरून दाराआड बसले आणि दोघी फटीतून बाहेर बघायला लागलो. करीमभाईंनी विहिरीचं प्रकरण मोठं रंगवून सांगितलं: पाझर हरवलाय, माती ओढायला घरचीच विश्वासाची माणसं पाहिजेत, मजुरी ज्वारीत. व्याहीबुवा बराच वेळ तंबाखू चोळत राहिले. मग म्हणाले, "मजुरी काय देता?" शांताबाईनं माझा हात घट्ट दाबला.

दुपट्टा पडला. खाली हात गेले. व्याहीबुवांनी बोटं दाबली. नाना विचारात पडले, मग त्यांनी दाबली. व्याहीबुवांच्या भुवया वर चढल्या. त्यांनी पुन्हा दाबली. नानांनी पुन्हा. व्याहीबुवा दुपट्ट्याकडे बघायला लागले, करीमभाईंकडे बघायला लागले, आणि शेवटी हात बाहेर काढून म्हणाले, "करीमभाई, ह्यांना जरा सांगा. मागणारा वर जातो, देणारा खाली ओढतो. मी आपला उतरतोय, तर हे चढतच चाललेत!" करीमभाईंनी डोळे मिटून घेतले. मेलं, आता सगळं संपलं, असं मला वाटलं. नाना कानापर्यंत लाल झाले होते. आणि तेवढ्यात व्याहीबुवांना हसू फुटलं. मिशीत दाबायला गेले ते आणखीनच फुटलं. "इतकी वर्षं चेअरमनकी केली, अन् एवढं येत न्हाई? गाव कसं चालवता वो?" असं म्हणत त्यांनीच नानांचा हात पुन्हा दुपट्ट्याखाली ओढला. "हां, हे बोट सोडा. आता म्हणा, जमत न्हाई." नाना आज्ञाधारकपणे म्हणाले, "जमत नाही." "आता उठायला लागा." नाना उठायला लागले. "लई उठू नका! बसा." आत आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत होतो, आणि शांताबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. काय ठरलं ते दोघांखेरीज कोणालाच कळलं नाही.

चार दिवसांनी नाना सगळं खटलं एसटीनं घेऊन आले: व्याही, विहीणबाई, जावई, दोघं लहान दीर आणि शांताबाई. नाक्यावर हवालदारानं आत डोकावून नेहमीप्रमाणे विचारलं, "नाना, धान्य हाय का?" नाना छाती पुढे काढून म्हणाले, "धान्य नाही. खाणारे हायेत." अख्खी एसटी हसली. घरी आल्यावर आत्याबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग कितीतरी दिवसांनी नानांकडे थेट बघून म्हणाल्या, "हातपाय धुवा, जेवाले बसा." माझी पोस्टमनकी त्या दिवशी सुटली.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात गजबजलेला. नाना रोज सकाळी पेवातली ज्वारी स्वतः मापून देत. चिमूटभर जास्त नाही की कमी नाही. मला राग यायचा, पण ज्यांनी भाव बघून विकली होती ते शेवटी शेवटी चढ्या भावानं विकत घेत होते, आणि आमच्याकडे दोन घरं दोन वेळ जेवत होती. आंघोळीचे नंबर नव्यानं लागले. विहीणबाईंनी ते दुसऱ्याच दिवशी मोडले आणि नानांना काही बोलता येईना. व्याहीबुवांनी विहिरीत सुरुंग लावले, दगड काढले, आणि पाझर खरंच सापडला. पाणी दिसताच त्यांनी नानांना न विचारता कडेला मेथी-कोथिंबीर टाकली. ती वाढली तशी बाजारात नेऊन मिळेल त्या भावानं विकली, आणि त्या पैशातून शांताबाईच्या बाळंतपणाचं डिंक-खोबरं आणलं. नाना फुगले. "हे ठरलं नव्हतं," म्हणाले. करीमभाई खुशीत म्हणाले, "म्हूनच झालं!" नानांनी त्या रात्री मेथीची भाजी मात्र दोनदा मागून घेतली. शांताबाईला मुलगी झाली, बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या.

पेरणी तोंडावर आली तशी मंडळी निघाली. ठरल्याप्रमाणे मजुरीची ज्वारी कट्ट्यांत भरली, तोंडं शिवली, गाडीत घातली. या ज्वारीसाठी केलेला परवान्याचा दुसरा अर्जही कुठेतरी पडून होता. नानांना वाटत होतं, कष्टाची मजुरी आहे, हवालदाराला समजावून सांगू. मीही नाक्यापर्यंत पोचवायला गेले. पण हवालदार अडखळत म्हणाला, "नाना, तुमीच मले नियम शिकवला. दाण्यावर लिहिलेलं थोडंच असते, हे मजुरीचे अन् हे व्यापाराचे?"

व्याहीबुवा गाडीतून उतरले. काही न बोलता त्यांनी एक कट्टा खाली ठेवला, मग दुसरा. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या नाना. तुमच्याकडं चार महिने खाल्लं, तेच लई झालं." आवाज मऊ होता, पण मान खाली गेली होती. मजुरी नाक्याअलीकडेच राहिली म्हणजे ते चार महिने मजुरी नव्हतेच, पाहुणचार होता, उपकार होता. विहिरीतला घाम, दुपट्ट्याखालचा सौदा, सगळं खोटं ठरत होतं. शांताबाई पोरीला छातीशी धरून बापाकडे बघत होती.

नानांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. वाकले, एक कट्टा पाठीवर घेतला आणि बांबूखालून चालू लागले. हवालदार घाबरला. "नाना, थांबा, मी तिकडं चहा प्याले जातो, तवर तुमी..." नाना थांबले. धापा टाकत म्हणाले, "कुठीसा जाऊ नको. इथंच उभा राह्य अन् पाह्य. अन् माहं नाव लिहून घे. मी चोरी नाही करून राह्यलो, मी बंदी मोडून राह्यलो." पलीकडे व्याहीबुवांच्या गावाहून आलेली गाडी उभी होती, तिच्यात कट्टा ठेवला आणि दुसऱ्यासाठी परत आले. व्याहीबुवा आणि जावई धावले, तर नानांनी त्यांना हातानं दूर केलं. "तुमी नाही. तुमचा गुन्हा नाही हा. देणं माहं हाय, पोचवणं बी माहंच." हवालदार हातात पेन धरून नुसता उभा होता. शेवटच्या कट्ट्याला नानांचे पाय लटपटले तेव्हा त्यानं पेन खिशात घातलं आणि एका बाजूनं हात लावला. मी रडत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की विचारू नका.

त्याच संध्याकाळी नानांनी सोसायटीच्या चेअरमनपदाचा राजीनामा दिला. बातमी ऐकून करीमभाई धावत आले. "राजीनामा कायले? आता तं तुमी माह्या बाजूनं आले!" नाना म्हणाले, "तुह्या बाजूनं कोण आलं बे? मी नियम मोडला म्हून खुर्ची सोडली. नियम आपल्या जागी हाय." करीमभाईंनी तेव्हा त्यांना जी शिवी दिली ती मी लिहीत नाही, पण देताना त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले होते. पुढच्या बाजारापासून भांडण पुन्हा सुरू झालं आणि मरेपर्यंत चाललं. आधी करीमभाई गेले. नंतर नाना ओट्यावर पेपर मनातल्या मनात वाचत. वर्षभरात तेही गेले. नाका त्याआधीच उठला होता. आता तिथून ट्रका भरभरून जातात, आणि कोणी वळूनही बघत नाही.

मागे माझा नातू कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मुद्दे मागत आला. विषय होता, समृद्धी कशानं येते, मोकळ्या बाजारानं की सरकारी नियोजनानं? मी त्याला हे सगळं सांगितलं. तो वैतागला. "आजी, पण मग नाना शेवटी कोणत्या बाजूचे?" मी म्हटलं, अरे, हेच मीही त्यांना विचारलं होतं. नाक्यावरून परत येताना आम्ही दोघंच गाडीत होतो. त्यांची पाठ दुखत होती, टोपी अजून माझ्याच मांडीवर होती. मी विचारलं, मामाजी, खरं सांगा, बंदी पाहिजे की नको? नाना मागे वळून नाक्याकडे बघत म्हणाले, "पाह्यजे, पोरी. पण जो बंदी घालते ना, त्याची एक लेक नाक्याच्या पलीकडं देलेली असली पाह्यजे."